राखाडी हुडी, नंबर दोन

कॉर्विन सोळाचा आहे.
त्याच्या आत असतो तो सत्तावीसचा,
टीग मार्चेत्ती, तान्ह्या मुलीचा बाप.
बुधवारी खेळ दोन, म्हणून दाढीही दोनदा घोटतो,
गालांना बर्फ लावतो
आणि सोळाच्या अलीकडे येऊन बसतो.

मी त्याच्या मागे उभी, ओठांत टाचण्या.
मायक्रोफोनची तार मानेवरून केसांत नेते,
चिकटपट्टी दाबते,
पाठीवर डबी, डबीवर बनियन, बनियनवर हुडी.
हुड्या तीन आहेत, तिन्ही सारख्या.
नंबर दोनच्या बाहीला एक भोक,
अंगठा घालायला.
डिझायनरबाईंनी ते कात्रीने पाडलं,
मग सॅंडपेपरने घासून जुनं केलं.
माझ्या मुलाने स्वतःच्या हुडीला
तस्संच दातांनी केलंय.

गोष्ट तशी साधी.
तळ्याकाठचं शाळेचं होड्यांचं कोठार
कॉर्विनच्या हातून पेटतं,
नाव येतं दुसऱ्याच पोरावर,
आणि कॉर्विन अडीच तास गप्प राहतो.
गप्प, म्हणजे गातो.
स्वयंपाकघरात आई विचारते, काही झालंय का?
तो म्हणतो, काही नाही.
त्या 'नाही'च्या काठावर
खालच्या खड्ड्यातून सेलो उठतो
आणि पोरगा घसा फाडून सगळं सांगून टाकतो:
काडेपेटी, डांबराचा वास,
पळताना मागे वळून न बघणं.
आई ताटल्या पुसत राहते.
तिला ऐकू येत नाही, संहितेत तसं लिहिलंय.
बाराशे अनोळखी माणसांना येतं.

विंगेत मी, हातात कोरडा टॉवेल,
आज दोनशे अकरावी वेळ,
अजूनही मला त्या बाईचा राग येतो.
खरं तर जॉसलिन फार भली.
परवाच तिने मला लोकरीचे मोजे दिले.

टोलेडोला मागच्या दाराशी
शाळेतली एक मुलगी थांबली होती, बर्फात, विनाटोपी.
तिने टीगला बाही दाखवली. अंगठा बाहेर.
म्हणाली, मीही कुणाला सांगितलं नाहीये.
टीग नुसता उभा.
उत्तर कॉर्विनने द्यायचं की त्याने,
हे त्याला कळेना.
शेवटी खिशातली खोकल्याची गोळी
त्याने तिच्या हातावर ठेवली.
बसमध्ये मग तो सबंध रस्ता खिडकीकडे तोंड करून.

मोटेलवर पोचले की मी डुलुथला फोन लावते.
अँडर्स बापाकडे असतो.
जेवलास? हं.
शाळा? ठीक.
काही झालंय का?
काही नाही.
मी फोन कानाशी घट्ट धरून थांबते.
पलीकडे फ्रिजची घरघर,
कुत्र्याच्या नखांची टकटक.
वाद्यं सुरू होत नाहीत.
मग तो म्हणतो, आई, ठेवू?
आणि मी, सगळ्या जगाला
बरोबर क्षणी टॉवेल देणारी बाई,
म्हणते, ठेव.

सोमवारपासून टीग नाही.
नवा येतोय, इमेका, एकोणीसचा, खांदे रुंद.
शिवणी उसवून सैल करायला घेतल्यात.
मानेच्या आत नावाची पट्टी असते.
सायलसच्या पट्टीवर ब्रॅमची,
ब्रॅमच्या पट्टीवर टीगची,
तिच्यावर आता ही.
जुनी काढून नवी लावायची असा नियम आहे.
मी काढत नाही. का, ते विचारू नका.
कोपरा जाड झालाय, सुई वाकते.

पहिल्या दिवशी तो मान चोळत विचारेल,
इथे काय टोचतंय?
माझ्या ओठांत टाचण्या असतील.
मी म्हणेन,
काही नाही.