क्रमांक एकोणीस

लिफाफा फोडला, तिच्या वाट्याला
नवी तार आली, जुनी नाही.
वहीत ती क्रमांक एकोणीस.
घरी जमुना आडे, किनवटपलीकडच्या तांड्यावरची,
वय चौदा,
वरचे दात नऊ मिलिमीटर पुढे.

हापशाच्या पाण्यानं दात पिवळे, खवलेले.
ब्रॅकेट टिकेना. तिसऱ्यांदा निखळलं
तेव्हा रुमालाच्या गाठीत बांधून आणलं तिनं
एसटीच्या सुट्ट्या पैशांसोबत.

दुखतं का? शून्य ते दहात सांग.
"दहा म्हणजे किती, म्याडम?
याडीला बाळ होताना झालं तेवढं?"
तो रकाना मी कोराच ठेवला.

दिवाळीनंतर आली नाही.
फोन तिच्या मामानं उचलला,
सगळे ऊसतोडीला, कर्नाटकात.
सर म्हणाले, गळालेले वेगळे दाखवा,
टक्केवारी बिघडायला नको.

मांडणीवर तिचे प्लास्टरचे साचे,
पहिला आणि शेवटचा.
नांदेडात दुपारी लाईट गेली की खिडकीशी नेऊन
मी कॅलिपर लावते:
साडेसहा.
अडीच मिलिमीटर आत आलेत, जमुना.

नोंद इथं थांबते.
तार तोंडातच आहे अजून,
कुठल्याशा फडात, पाचटाच्या धुळीत,
कुणी न मोजता
ओढते आहे.