लाल म्हणजे

नंदुरबारच्या मिरची पथारीवर
जेवणाच्या सुट्टीत कोकिळाबाईनं विचारलं,
‘भाऊ, दिनभर मोबाईलमा काय देखस तू?’
मी म्हटलं, शेअर.
‘शेअर काय शे?’

अर्धं उत्तर तिच्या प्रश्नातच होतं.
शे म्हणजे आहे.
शेअर म्हणजे कुठल्याशा कारखान्यात
आपलंही काही आहे,
देठाएवढं,
पण आहे.

बाया भाकरी हातात धरून सरकून बसल्या
आणि मी, भटू शिंपी, वखारीचा कारकून,
त्या लाल जाजमाच्या कडेला उभा राहून
मास्तर झालो.

डीमॅट म्हणजे पेटी,
जिला पत्रा नाही, कुलूप नाही,
आत ठेवलेलंही दिसत नाही,
तरी नाव आपलं.
लाभांश म्हणजे हंगाम बरा गेला
तर नफ्यातून मालकानं वाटलेले पैसे.
‘आमना मालक?’ म्हणत रुखमा इतकी हसली
की तिला ठसका लागला.
निर्देशांक म्हणजे व्यापाऱ्याची मूठ:
पाच-पन्नास पोत्यांत हात घालायचा
आणि बोलायचं अख्ख्या बाजाराबद्दल.

पी-ई सांगताना मात्र मी अडखळलो.
एका रुपयाच्या कमाईसाठी लोक किती रुपये…
‘म्हैस वरीसमा कितलं देस
आनि तिनी किंमत कितली, हाईच ना?’
हेच, बाई. हेच.

स्टॉप लॉस तर त्यांना माझ्याआधीपासून येत होता.
ढग दिसला की ताडपत्री.
कडेची चार पोती भिजतात, भिजू द्यायची,
मधला माल वाचतो.
ढगाशी हुज्जत घालायची नाही.

एक गोष्ट मी त्यांना सांगितली नव्हती.
सुरतच्या साडूनं फोनवर एक नाव कुजबुजलं होतं
आणि दोन दिवाळ्यांचा बोनस
मी त्या एकाच नावात ओतला होता.
ताडपत्री शिकवणाऱ्याची
पथारी उघडी.

सोमवारी सकाळी सव्वानऊला बाजार उघडला
आणि दहाच्या आत
माझ्या हातातला फोन तापलेल्या तव्यासारखा लाल.
कोकिळाबाईनं मागून डोकावलं.
‘अरे वा, लाल व्हयनी! म्हन्जे पिकनी ना?’

मी सांगितलं, इथं उलटं असतं,
लाल म्हणजे बुडालं, हिरवं म्हणजे कमावलं.
ती पथारीकडे बघत राहिली,
नजर पोचेल तिथवर वाळत पडलेलं तिचं अख्खं वर्ष.
‘हिरवीले आठे कोन इचारस?’

मग खाली वाकून तिनं दोन मिरच्या उचलल्या.
रंग एक, लांबी एक, चमकही एक.
एक माझ्या कानाशी हलवली:
बिया खुळखुळल्या.
दुसरी हलवली:
काहीच नाही. आत बुरशी.
‘लाल दोन्ही शेतस’, ती म्हणाली,
आणि मुकी मिरची कुंपणापलीकडे भिरकावली.

त्या रात्री पहिल्यांदा मी ताळेबंद उघडला.
कर्ज, नफा, येणं, देणं,
आकड्यांना कान लावून बसलो.
साडूचं ते नाव
कितीही हलवलं तरी वाजेना.
मंगळवारी विकलं.
किती गेले ते बायकोला अजून सांगितलेलं नाही,
इथंही सांगणार नाही.

शनिवारी पगार झाला.
कोकिळाबाई नोटा मोजत माझ्या टेबलाशी आली.
‘एकच भेटस का?’
भेटस, म्हटलं, एकही भेटस.
‘मंग जी वाजस ती दे.’
वाजते का ते कळायला मला तीन आठवडे लागले,
पेटी तिच्या नावानं उघडायला आणखी एक,
शेअर तिच्या तीन दिवसांच्या मजुरीचा.
ती भाव कधीच विचारत नाही.
डोक्यावर पाटी, पदरानं नाक झाकलेलं,
शनिवारी काट्यापाशी जरा थांबते.
‘शे ना?’
मी वहीतून मान वर करतो.
‘शे.’