टोकाचा नळ

राकसकोपचं पाणी टेकडीवर चढून येतं
तेव्हा गढूळ असतं, पण ते तसं दिसतं तरी.
तुरटी घातली की गाळ खाली बसतो,
वाळूच्या थरांतून उतरलं की चकाकायला लागतं.
माझं काम तिथून पुढचं.
डोळ्यांचा उपयोग संपतो तिथून.

पिशवीत काचेची नळी, थेंबांची बाटली,
रंगाची पट्टी, आणि महापालिकेची वही.
नळीभर पाणी, पाच थेंब, जरा हलवायचं.
पिवळं झालं तर क्लोरीन अजून शिल्लक आहे,
म्हणजे वाटेत कुणाशी झगडूनही
थोडंसं उरलंय.

जुने केमिस्ट सडेकर निवृत्त होताना म्हणाले होते,
'टाकीला विचारू नकोस, टाकी नेहमीच बरं सांगते.
टोकाच्या नळाला विचार.'

टोकाचा नळ म्हणजे खासबागेत, बोळाच्या शेवटी,
गंगव्वाच्या दारातला. त्याच्या पुढे पाइप नाही,
एक दगडी डोण आणि शेजारच्यांची म्हैस.
सोमवारी तिथलं पाणी नळीत घेतलं.
पाच थेंब. हलवलं.
पांढरंच.
पुन्हा पाच. पांढरंच.
इतकं स्वच्छ, की अंगावर काटा आला.

'झाकून ठेवा, पिऊ नका, उकळा,' मी सांगत सुटले,
गंगव्वा म्हणाली, 'अगं, आज तर गोड लागतंय.
रोजचा तो औषधाचा वास पण नाही.'

दोन घरं मागे आले, पांढरं.
मारुतीच्या कट्ट्यापाशी, पांढरं.
पिठाच्या गिरणीपाशी पट्टीवरची सगळ्यात फिकट खूण,
लिंबाच्या सालीच्या आतल्या बाजूसारखी.
म्हणजे गिरणी ते कट्टा.
एकशे चाळीस पावलं. पाइपाला लागूनच गटार.

रात्री शटुप्पा आला सळई घेऊन.
एक टोक रस्त्याला, एक टोक कानाला,
आणि डोळे मिटलेले.
तीस वर्षं त्यानं शहर असं ऐकलंय,
गळतीचा आवाज त्याला माणसाच्या घोरण्यासारखा ओळखता येतो.
पण दोन्ही बाजूंना माग चाललेले,
खटक् खटक्, साड्यांचे काठ विणले जात होते.
'पाणी काय तर बोलूलालंय,' तो म्हणाला,
'पण मागच मोठ्यानं बोलूलाल्यात.'

मी दारोदार गेले. रात्रीचे अडीच.
दहा मिनटं बंद ठेवा, दहाच.
एकानं विचारलं, मजुरी कोण भरणार?
बसलिंगप्पा दाराशी येऊन म्हणाला,
'नीराग एनागैती?'
पाण्यात काय झालंय ते मलाही ठाऊक नव्हतं,
तेच सांगितलं.
त्यानं मान हलवली, आत जाऊन खटका पाडला.
मग समोरचा. मग त्याच्या मागचा.
मजुरीचं विचारणारा सगळ्यात शेवटी.

बोळ अशी गप्प झाली
की खिडक्यांतून डोकी बाहेर आली,
कोण गेलं म्हणून विचारायला.

शटुप्पा सरकत होता, टीचभर, टीचभर.
कट्ट्याच्या अलीकडे थांबला.
खडूनं रस्त्यावर फुली मारली
आणि सळई माझ्या हातात दिली: 'ऐक.'
कुणीतरी दात आवळून श्वास ओढावा, तसं काहीतरी.

पहाटेपर्यंत खणलं. ज्वारीच्या दाण्याएवढं भोक.
नळ चालू असताना पाणी बाहेर,
बंद झाला की गटार आत.
एवढंच. चौदाशे माणसं आणि एक दाणा.

क्लँप बसला, नळ सोडून दिले,
सकाळभर पाणी वाया जाताना बघून
बाया आम्हाला शिव्या देत होत्या.
दुपारी गंगव्वाच्या दारात नळी धरली.
पाच थेंब. हलवलं.
हळूहळू, ओल्या कापडावर हळद पसरावी तसं.

गंगव्वानं ओंजळभर तोंडात घेतलं आणि थुंकलं.
'परत औषध घातलंय मेल्यांनी.
लिहून घे माझी तक्रार.'

मी वही उघडली.
तारीख, बोळ, शेवटचं घर, शून्य पॉइंट दोन.
आणि शेऱ्याच्या रकान्यात, तिच्याच शब्दांत:
पाण्याला वास येतो.