उतरलेलं वजन

गाडीत बॅटरी नाही.
सिक्स्टेननं ती काढली तेव्हा धाकटी नुकतीच शाळेत जायला लागली होती,
आता ती लूलेओत लोकांचे दात काढते.
वीस किलो उतरले, तो म्हणाला,
घड्याळातून तीन शतांश सेकंद गळाले.
उतरलेलं कुठं जातं, ते नाही विचारलं त्यानं.

ते माझ्याकडे आलं.
पोस्टाची जुनी पिवळी ढकलगाडी, तिच्यात दोन बॅटऱ्या
लाकडाच्या ट्रकमधल्या, एकीचं टोक दुसरीला जोडलेलं.
बारा आणि बारा चोवीस, आणि किलो पंचेचाळीस.
मनगटाएवढी केबल, करडा प्लग मुठीत मावेल न मावेल असा,
तो कमरेत वाकून मागं खुपसायचा,
बोटानं खूण करायची, आणि कान झाकायला
हात मोकळा नसायचा.

ही सगळी मिजास त्या इंजिनाची.
चौदास एक दाबतं, आणि सोळा व्होल्टांना
म्हाताऱ्या घोड्यासारखं मान हलवून नाही म्हणतं.
चोवीस हवेत. पण ते फक्त स्टार्टरला.
एका रविवारी सिक्स्टेननं घाईत रेकॉर्डरच्या तारेला चिमटा लावला,
डबा तळलेल्या हेरिंगसारखा वासला
आणि आम्ही दोघंही तीन दिवस त्या वासाबद्दल बोललो नाही.

यंदा माझा गुडघा बोलू लागला.
पायरीला एक शब्द, उताराला दोन.
तुरे शेजारून आला, शिकारीच्या पिशवीत लिथियम घेऊन,
नऊ किलो, वर चार्जर.
किंमत ऐकून मी कॉफी पुन्हा किटलीत ओतली.

मे महिन्यातली सकाळ, धावपट्टीच्या कडेला अजून मळका बर्फ,
थर्मामीटरवर तीन.
लिथियमनं आधी कुडकुडून घेतलं,
इंजिन अर्धं फिरलं आणि तिथंच थबकलं.
"तिला थोडं वापरू दे, आतून गरम होते," तुरे म्हणाला.
दुसऱ्यांदा बरं. तिसऱ्यांदा काय सांगू,
काठावरच्या बगळ्यांनी पाणी सोडलं.
मग माझं शिसं. पहिल्या झटक्यात, कुरकुर न करता,
जणू तेवढ्यासाठीच ते थंडीत राहिलं होतं.
"बघ," सिक्स्टेन म्हणाला, "जुनं ते सोनं."

मी हातमोजे काढले.
म्हटलं, जुनं तूच ओढ. मी बसते आत.

हसला. मग हसायचं थांबला.
हेल्मेट माझ्या कानांवर घट्ट बसलं,
पट्टे खांद्यांवरून, मांड्यांमधून, पोटाशी कुलूप.
सत्तावीस उन्हाळे मी या खुर्चीच्या मागं उभी होते,
ती एवढी अरुंद आहे हे मला माहीत नव्हतं.
आरशात ढकलगाडी येताना दिसली,
चाक खडीत रुतलेलं, तो मागं झुकलेला,
टोपी डोळ्यांवर.
तीनशे मीटर. मी मोजत होते,
तो पण मोजत असावा.

खूण झाली. स्टार्टर ओरडला,
मग सगळं माझ्या पाठीत शिरलं, दातांत, जुन्या भरणीत,
गुडघ्यात सुद्धा, आणि गुडघा एकदम गप्प.
मी हात पुढं धरून बसले, काही न दाबता,
पाच मिनिटं, तेल गरम होईस्तोवर.
मग प्लग ओढला गेला, आणि आरशात दिसलं,
त्याचा हात थरथरत होता.

इंजिन थांबल्यावर तो खिडकीशी आला.
"किती किलो आहे गं हे?"
म्हटलं, तू काढलेले वीस. वर पंचवीस.

अजून काही घेतलेलं नाही.
कॅटलॉग किटलीखाली आहे, त्याच्यावर कॉफीचं वर्तुळ,
नऊ किलोंच्या पानाचा कोपरा दुमडलेला.
कोणी दुमडला ते आम्ही एकमेकांना विचारत नाही.
तुरे म्हणतो, व्होल्व्होच्या तापणाऱ्या सीटवर
तिला रात्रभर ठेवता येईल.
ती सीट माझी आहे.