दाराशी

माझं नाव एकुवाम. आमच्या बोलीत एकुवाम म्हणजे वारा.
मी जन्मलो त्या रात्री तुर्काना तळ्यावरून तो असा सुटला
की आमच्या झोपडीच्या अर्ध्या झावळ्या
सकाळी शेजारच्या शेळ्यांनी खाल्ल्या.
आता रात्रभर मी एका दाराशी बसतो
आणि वाऱ्याला आत येऊ देत नाही.
हसा.

आत मासळीची खोली, दहा पावलांची.
मागच्या भिंतीला पत्र्याची टाकी, टाकीत पाणी,
पाण्यात तांब्याच्या नळ्यांची वेटोळी.
दिवसा छपरावरचे पॅनेल ऊन ओढतात, कॉम्प्रेसर घुमतो,
नळ्यांवर बर्फ धरतो, आधी बोटभर,
मग मनगटाएवढा.
सूर्य बुडाला की सगळं गप्प.
बॅटरी नाही. जुन्या खोलीला होत्या सोळा,
दोन उन्हाळ्यांत फुगून मेल्या,
त्यांच्या खोक्यांत आता कोंबड्या अंडी घालतात.

मशीन बसवायला नैरोबीहून मुम्बुआ आली होती.
जाताना म्हणाली, ऊन साठवता येतं रे,
फक्त उलटं करून ठेवावं लागतं.

असेकोनला हे पटलं नाही.
तिची चाळीस किलो टिलापिया आत, आणि यंत्राचा आवाज बंद.
"जे आवाज करत नाही ते मेलेलं असतं," ती म्हणाली,
"माझा नवरा मला तसाच कळला."
दर घटकेला यायची. उघड, बघू दे.
मी उघडायचो. ती हात आत घालायची,
तिच्या हाताबरोबर अख्खा किनारा आत शिरायचा.
मी दारावर कोळशाने रेघ ओढायचो.
एका रात्री अकरा रेघा झाल्या.
सकाळी नळ्या उघड्या, आणि कल्ल्यांचा लाल रंग
तपकिरीकडे निघालेला.
तिने रेघा मोजल्या. काही बोलली नाही.

मग धूळ आली.
तीन दिवस सूर्य म्हणजे ताकातलं नाणं,
कॉम्प्रेसर खोकायचा, दम सोडायचा.
किटालेचा ट्रक लोडवारच्या अलीकडे वाळूत रुतलेला.
खोलीत सहा जणींची मासळी,
आणि सहाही जणी दाराशी.

मी त्यांना तापमापी दाखवली.
टाकीतला काटा शून्यावर अडून बसला होता,
कर्जवाल्याच्या ओट्यावर बसावं तसा.
मुम्बुआने शिकवलेलं मी माझ्या शब्दांत सांगितलं:
वितळणारा बर्फ तापत नाही.
बाहेरून येईल ती धग तो पोटात घालतो,
सगळा संपेपर्यंत
पाण्याला एक अंशही वर चढू देत नाही.
"पोटात घालतो," असेकोन म्हणाली,
"म्हणजे मी थोरल्याच्या उधाऱ्या घालते तसा."
तसाच.
"मग त्याला कळतं तरी का, किती उरलाय ते?"
त्याला नाही. मला रेघांवरून.

त्या रात्री तिने दार उघडायला सांगितलं नाही.
पाठ भिंतीला लावून बसली, मग कान लावला.
बराच वेळ.
आणि आत कुठेतरी एक तुकडा नळीवरून सुटला,
पाण्यावर येऊन पत्र्याला लागला.
टण्.
"ऐकलंस?" तिने माझं मनगट धरलं.
पहाटेपर्यंत असं चार वेळा झालं.
मधे नाकिरिओन कंदील घेऊन आली, उघड म्हणाली,
तर असेकोन दारात आडवी झोपली,
वल्ह्यासारखी ताठ, डोळे उघडे.

ट्रक उजाडता आला, एका दिव्याचा.
दारावर त्या रात्रीची एकही रेघ नव्हती.
मासळी चढवली. कल्ले लाल. ड्रायव्हरने वास घेतला,
भाव पाडायला काही सापडेना म्हणून
तराजूला नावं ठेवली.

मी टाकीचं झाकण उचललं.
पाणीच पाणी, आणि सगळ्यात खालच्या वेटोळ्याला
नखाएवढी एक खपली.
असेकोनने ती काढली, दातांनी दोन केली,
अर्धी माझ्या तळहातावर ठेवली.
हे तीन दिवसांमागचं ऊन आहे, मी म्हणालो.
ती चघळत राहिली, दाढ शिवशिवली तसा एक डोळा मिटला.
मग आकाशाकडे पाहिलं. धूळ विरळ होत होती.
छपरावर कॉम्प्रेसर एकदा खोकला,
आणि लागला.

"पॅनेल पुसलेस का?" ती म्हणाली.
मी फडकं शोधायला उठलो.