सीझन

सेक्टर सतराच्या त्या थंडगार ऑफिसात
भिंतीवर एक बेट टांगलं होतं,
इतकं निळं की कुंदानं आधी स्वतःचा चष्मा पुसला.
ऋजुता नावाची मुलगी म्हणाली,
‘काका, अंदमानला सीझन म्हणजे डिसेंबर ते मार्च.
त्यातही फेब्रुवारी. पाणी असं स्वच्छ,
की उभ्या उभ्या आपल्या पायाची बोटं दिसतात.’

मी हसलो असेन.
सीझन हा शब्द मी दुसरीकडे शिकलो,
तुर्भ्याच्या फळबाजारात,
एकोणतीस वर्षं एकाच गाळ्यावर.
पहाटे चारला ट्रकचा फाळका पडतो
आणि सगळं देवगड खाली उतरतं,
पेंढ्यासकट, मुंग्यांसकट.
फेब्रुवारीत पहिल्या पेट्या, त्यांना हार घालतात.
मार्चात आजारी पडायचं तर शेठला विचारून.
एप्रिल-मे सोडाच.

‘मग नोव्हेंबर?’
पूर्वी असायचा मोकळा.
आता मालावीचा आंबा विमानानं येतो,
कागदात गुंडाळलेला, पाहुण्याच्या ऐटीत,
आणि आमची भाऊबीज खाऊन जातो.
डिसेंबरात संत्री. जानेवारीत स्ट्रॉबेरी,
दुपारपर्यंत गेली नाही तर रडायला लागते.

‘काका, तुम्ही मोकळे कधी असता?’
जुलैत, म्हटलं. जुलैत गाळ्यात मांजर झोपतं.
तिनं स्क्रीनकडे बघितलं, रिपोर्ट बघतात तसं.
‘जुलैत रेट अर्ध्यावर येतो,
पण बोटी सुटतील याची खात्री नाही.
बंदरावर बसून राहावं लागेल.’

म्हणजे माझा बाजार बसतो
नेमका तेव्हाच तिकडे समुद्र उठतो.

कुंदा काहीच बोलली नाही.
टेबलाखाली तिनं माझा हात घेतला, वर पर्स ठेवली.

लग्नाच्या पहिल्या वर्षी, कोपरखैरण्याच्या एका खोलीत
मीच तिला शिकवलं होतं
रुमालाखाली भाव कसा बोलतात ते.
मग त्या भाषेत आम्ही
दुधाचं बिल, मुलाची फी,
माझ्या आत्याबद्दलचं तिचं खरं मत
पाहुण्यांदेखत बोलून घेतलं.

आता तिनं माझी दोन बोटं दाबली.
दुसरा महिना.

मी हात काढून घेतला.
बाजारात हात काढला की सौदा मोडतो.
तिच्या हे लक्षात होतं.

तिनं चेकबुक काढलं, ब्लाउज शिवून साठवलेलं.
‘दोन तिकिटं,’ म्हणाली, ‘फेब्रुवारी.
एक माझं, एक समोरच्या लीलाम्मांचं.
त्यांचे मिस्टरही मस्कतला बिझीच असतात.’

रिक्षात मी म्हटलं, तुला पोहता कुठे येतं?
पाम बीच रोडच्या दिव्यांकडे बघत ती म्हणाली,
‘बघायला पोहावं लागत नाही.’

आज फेब्रुवारीची एकोणीस.
फ्रीजमध्ये डब्यांवर वार लिहून गेलीय.
सोमवार मी काल खाल्ला, शनिवार आज.
साडेपाचला फोन वाजला, एक फोटो:
पाण्यात चार पावलं.
दोन तिची, जोडव्यांवरून ओळखली.
खाली दोनच शब्द,
‘खरंच दिसतात.’

मी मोठं करून बघितलं.
वाळूवर उन्हाची जाळी, एक छोटा शिंपला,
डाव्या पायाच्या करंगळीला जुनी चीर,
पेटीचा खिळा लागलेला तिला,
मीच घरी आणलेल्या पेटीचा.

‘ओ, बोला की!’
कल्याणचा व्यापारी समोर उभा.
त्यानं रुमाल टाकला, खालून हात घातला,
माझी दोन बोटं दाबली.
दोन हजार? दोनशे? दोन डझन?
मला काही केल्या भाव आठवेना.
‘जमत नसेल तर हात तरी काढा,’ तो म्हणाला.

मी काढला नाही.