सतरा नंबर

किती द्यायचे, ते घरूनच ठरवून निघालो होतो:
चार हजार. फार तर पाच.
आणखी तीन होते,
पण ते दुसऱ्या खिशात.

मी सांगलीच्या यार्डात हळद तोलतो. एकतीस वर्षं.
पोतं काट्यावर चढायच्या आधीच कळतं,
पन्नास भरेल की अठ्ठेचाळीस.
पण पोस्टकार्डाच्या निम्म्या पुठ्ठ्याला
कुठला काटा लावायचा?

रहाट छाप विडीच्या बंडलात निघायची ही चित्रं.
बंडलात एक पैलवान,
लंगोट, मिशी, मागे रंगवलेला बर्फाचा डोंगर
जो आपल्याकडं कुणाच्या बापानं पाहिला नाही.
चोवीसांतले तेवीस माझ्याकडे आहेत.
सतरावा, शिदू बेडगे, कुणाकडेच नाही.
कोण म्हणतं, छापखान्यात ठोकळा फुटला.
कोण म्हणतं, मालकानं गठ्ठे जाळले.
पुण्यातला कुणी डॉक्टर
त्याला बारा हजार द्यायला बसलाय म्हणे.
ऐकीव भावावर माल तोलू नये.
मी रात्रभर तेच तोलत होतो.

मिरजेत, सतारी बनवतात त्या गल्लीच्या मागं,
हमीदाबी मुजावरांनी आधी चहा ठेवला,
मग ताटलीतून कार्ड आणलं, पापडासारखं.
एक कोपरा दुमडलेला: पाचशे कमी.
पाठीवर पेन्सिलीनं, ‘दूध पावशेर, आबाचे दोन आणे’:
हजार कमी.
पण लंगोटाचा लाल असा,
की बोट लावलं तर बोटाला येईल.
तिथं माझी वजाबाकी अडली.

“काय द्यायचे?”
“तुमीच सांगा. मला काय कळतंय त्यातलं.”

यापेक्षा महाग वाक्य मी बाजारात ऐकलेलं नाही.
बैलबाजारात निदान रुमाल असतो,
त्याखाली बोटं बोलतात, तोंडाला तोशीस नाही.
इथं तोंडानं बोलायचं होतं, उजेडात,
समोर बाई, मधे चहा.
दोन म्हणालो असतो तरी त्या हो म्हणाल्या असत्या.
दोन जिभेवर आलंही होतं.
चहा बशीत ओतला. फुंकर घातली. पुन्हा घातली.
“सहा,” मी म्हणालो,
आणि कोण बोललं म्हणून स्वतःच वर पाहिलं.

“या एका चिठोऱ्याला? मग थांबा जरा.”
फळीवरून बिस्किटाचा डबा उतरला.
झाकण गंजलेलं, चमच्यानं उचकटलं.
आत शिदू बेडगे.
शिदूखाली शिदू, त्याखाली शिदू, तळापर्यंत.
मोजायला हात धजेना, सवयीनं डबाच तोलला:
डब्याचं पावशेर वगळून
अर्धा किलो शिदू.

“आमचे सासरे, बाबालाल, बंडलं भरायला होते.
दोघं एकाच तालमीतले.
शिदू एक मोठी कुस्ती हरला, मग काय,
त्याचं चित्र निघालं की लोक शिवी देऊन फेकायचे.
गटारात. पायाखाली.
सासऱ्यांनी घालायचंच सोडलं.
सतरा आला, की खिशात.”

म्हणजे ठोकळा फुटला नव्हता. कुणी काही जाळलं नव्हतं.
बारा हजारांचा भाव
एका मजुराच्या खिशात शिवलेला होता.

आता किती द्यायचे?
एक घेऊन गप उठलो, तर सहा कमीच.
डबा बाजारात आला, तर सहा रुपयेही जड.
सगळेच उचलले आणि वाटत सुटलो,
तर शिदू पुन्हा पायाखाली.

यार्डात बोललेला भाव फिरवत नाहीत.
सहा मोजले, दुसऱ्या खिशासकट.
डॉक्टरचं सांगितलं. डब्याचं काय होईल, तेही सांगितलं.
हमीदाबी बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
मग चमच्याच्या मागच्या बाजूनं
झाकण ठोकून बसवलं, चारी कडांनी.

रात्री दिव्याखाली सतरा जागेवर लावला.
पाहतो तर कडेला
माझ्या अंगठ्याचा पिवळा ठसा.
हळद. साबणानं जात नाही.
भाव किती उतरला,
ते अजून काढलेलं नाही.